संचार साथी अ‍ॅप: काम चांगलं करतं, पण सक्ती कशाला?

संचार साथीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकतर "सरकारी हेरगिरी आहे, आत्ताच्या आत्ता उडवा" असं असतं नाहीतर "देशासाठी आहे, ज्याच्या मनात पाप तोच विरोध करणार" असं असतं. वापरून बघून लिहिणारे फारच कमी. मी आणि आमच्या घरातल्यांनी वापरलंय, अ‍ॅपही आणि वेबसाइटही, म्हणून सविस्तर लिहितेय. आणि नुसतं कुठलं बटन कुठे आहे एवढंच लिहून थांबणार नाहीये, कारण २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या अ‍ॅपवरून जे झालं (सरकारने ते प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीचं करायचा आदेश काढला आणि मग मागे घेतला) त्यानंतर खरा प्रश्न असा आहे की सरकारला माझ्या फोनमध्ये मला न विचारता काही बसवायचा हक्क आहे का, आणि संविधान त्यावर काय म्हणतं. तो भाग मोठा झालाय, पण वाचा.

आधी अ‍ॅपचं. हे केंद्राच्या दूरसंचार विभागाचं आहे. पोर्टल १६ मे २०२३ ला सुरू झालं आणि मोबाइल अ‍ॅप १७ जानेवारी २०२५ ला आलं. आत मुख्य कामं चार-पाचच आहेत: आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते बघणं, हरवलेला फोन ब्लॉक करणं, फसवणुकीचा कॉल किंवा मेसेज कळवणं, विकत घेताना फोन असली आहे का ते आयएमईआयवरून (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) तपासणं, आणि बाहेरच्या देशातून भारतीय नंबर दाखवून येणारे कॉल कळवणं.

यातलं सिमकार्डचं प्रत्येकाने एकदा तरी करून बघाच. आईचा नंबर टाकला, ओटीपी टाकला, आणि यादी आली. तिच्या नावावर पाच नंबर. दोन तिचे स्वतःचे, एक माझ्या धाकट्या भावाचा जो कॉलेजात असताना तिच्या आधारवर घेतला होता, एक जुना जो कधीच बंद केला असं आम्ही समजून होतो, आणि पाचवा कुणाचाच नाही. नंबरचे मधले आकडे झाकलेले असतात त्यामुळे कुणाचा ते कळत नाही, पण शेवटचे आकडे घरात कुणी ओळखेना. कधीतरी कुणीतरी आधारची झेरॉक्स वापरून काढलेलं सिम असणार. प्रत्येक नंबरसमोर "माझा नंबर नाही", "गरज नाही", "गरज आहे" असे पर्याय येतात. आम्ही पाचव्यावर "माझा नंबर नाही" दाबलं, जुन्यावर "गरज नाही" दाबलं, नोंद झाली, आणि पुढे परत बघितलं तर दोन्ही यादीतून गेलेले. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे ६), म्हणजे आपल्या नावावर कुणी तिसऱ्याने सिम चालवायला भरपूर जागा आहे, आणि उद्या त्या नंबरवरून कुणाला गंडा घातला तर पोलीस पहिले आपल्या दारात येणार. या एका सोयीसाठी मी या सेवेला मनापासून चांगलं म्हणेन.

दुसरं हरवलेल्या फोनचं. भाच्याचा फोन एसटीत चढताना गर्दीत गेला. इथे काही गोष्टी आधी माहीत असल्या तर धावपळ वाचते. फोनचं बिल पाहिजे. आयएमईआय नंबर पाहिजे, तो खोक्यावर असतो, खोकं नसेल तर बिलावर असतो, आणि फोन हातात असताना स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून तो आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत पाहिजे. आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम आधी काढा कारण ओटीपी त्यावर येतो. आमची अडचण तक्रारीतच झाली, जिथे गेलो तिथल्या साहेबांनी चोरी लिहायलाच नकार दिला, "गहाळ म्हणून लिहा, तेवढंच चालतं" असं तीनतीनदा सांगितलं आणि शेवटी गहाळच लिहिलं. ब्लॉक व्हायला तेवढं पुरलं. फॉर्म भरल्यावर रिक्वेस्ट आयडी मिळतो, तो जपून ठेवा, फोन सापडला तर परत चालू करायला तोच लागतो. भाच्याचा फोन काही मिळालेला नाही पण ब्लॉक झाला, म्हणजे चोराला तो कुठल्याच भारतीय नेटवर्कवर वापरता येत नाही, एवढं समाधान आहे. सरकारी आकड्यांनुसार २०२५ च्या डिसेंबरपर्यंत २६ लाखांच्या आसपास फोनचा माग लागला होता आणि ७ लाखांवर फोन मालकाला परत मिळाले होते. माग लागणं आणि हातात मिळणं यात केवढं अंतर आहे ते बघा, पण ७ लाख हाही लहान आकडा नाही. आपल्याकडे तर हे सगळ्यात आधी आलं, चोरीचे फोन ब्लॉक करायची ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रापासून सुरू झाली आणि पूर्ण देशात २०२३ मध्ये गेली.

चक्षू म्हणजे फसवणुकीचे कॉल-मेसेज कळवायची सोय. केवायसी संपलं, वीज कापणार, डिजिटल अरेस्ट वगैरे. ठीक आहे, कळवून टाकायचं. फक्त एक लक्षात ठेवा, पैसे ऑलरेडी गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

आता परवानग्या. अँड्रॉइडवर हे अ‍ॅप फोन कॉल मॅनेज करायची, एसएमएस पाठवायची, कॉल आणि मेसेजच्या लॉगची, फोटो-फाइल्सची आणि कॅमेऱ्याची परवानगी मागतं. प्रत्येकाचं कारण पॉलिसीत दिलंय: रजिस्ट्रेशनला एक एसएमएस जावा लागतो, तक्रार करताना लॉगमधून नंबर निवडता यावा, बिलाचा फोटो जोडता यावा, आयएमईआयचा बारकोड स्कॅन करता यावा. आयफोनवर कॅमेरा आणि फोटोंपुरतंच मागतं. अ‍ॅप गुपचूप काही वाचतं असा आरोप मी करत नाहीये, तसं काही मला दिसलेलं नाही. पण जी कामं मी वर सांगितली ती सगळी वेबसाइटवरही होतात, आणि तिथे मोबाइल नंबर, कॅप्चा, ओटीपी एवढ्यावर भागतं, फोन ब्लॉक करायचा तर बिल आणि तक्रारीची प्रत तेवढी आपण स्वतः जोडायची. कॉल लॉगची परवानगी नको, फाइल्सची नको, कसलीच नको. हे पुढच्या सगळ्या चर्चेसाठी फार महत्त्वाचं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

"आमच्या कॉल लॉगमध्ये असं काय आहे?" असं बरेच जण म्हणतात. माझ्या जाऊबाई समुपदेशक आहेत. घरात मार खाणाऱ्या बायका त्यांना फोन करतात, बऱ्याचदा शेजारणीच्या फोनवरून, दुपारी घरात कुणी नसताना, आणि बोलणं झालं की तो कॉल शेजारणीच्या फोनमधूनही डिलीट करायला लावतात. जाऊबाईंच्या फोनमध्ये मात्र तो नंबर, ती वेळ, किती मिनिटं बोलणं झालं ते सगळं असतं. तो लॉग कुणाला दाखवायचा हे एकट्या जाऊबाईंनी ठरवायचं नाहीये, त्या बायकांचाही त्यात जीव अडकलेला आहे, आणि त्यांना तर कुणी "अलाऊ" की "डोंट अलाऊ" विचारलेलंही नाही. वकील, डॉक्टर, पत्रकार, युनियनवाले, सगळ्यांचं हेच. लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला, हे वाक्य मी जाऊबाईंसमोर कुणाला बोलू देत नाही.

तर अशा अ‍ॅपबद्दल दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला मोबाइल कंपन्यांना आदेश काढला. भारतात बनणाऱ्या किंवा बाहेरून येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ९० दिवसांत हे अ‍ॅप आधीपासून घातलेलं पाहिजे, फोन पहिल्यांदा चालू करताना ते समोर दिसलं पाहिजे, आणि त्याची फंक्शन्स बंद किंवा मर्यादित केलेली नसली पाहिजेत. दुकानात पोचलेल्या फोनमध्येही सॉफ्टवेअर अपडेटने ढकलायचा प्रयत्न करा, आणि १२० दिवसांत अहवाल द्या. आधी लोकांना कुणी सांगितलं नाही, विचारलं तर मुळीच नाही, १ डिसेंबरला बातमी फुटली तेव्हा कळलं. बोंबाबोंब झाल्यावर २ तारखेला मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितलं की ऐच्छिक आहे, नको असेल तर डिलीट करा. पण आदेशात तर ऐच्छिक हा शब्द कुठेच नव्हता. ३ तारखेला सरकारने सक्ती मागे घेतली आणि कारण दिलं की लोक आपणहून भरपूर डाउनलोड करतायत, १.४ कोटी लोकांनी घेतलंय आणि एका दिवसात ६ लाख जणांनी. मला हे कारण पटलं नाही. लोक आपणहून घेत होते हे २८ नोव्हेंबरलाही खरंच होतं. तेव्हा सक्तीची गरज का वाटली आणि पाच दिवसांत ती का संपली, हे सांगणं सरकारचं काम होतं.

बरं, मागे घेतलं म्हणजे विषय संपला असं मला वाटत नाही, कारण हे पहिल्यांदा झालेलं नाही. मार्च २०१७ मध्ये याच विभागाने सर्क्युलर काढून सगळे मोबाइल नंबर आधारला जोडायला लावले होते, आठवतंय ना, रोज मेसेज यायचे, नंबर बंद होईल म्हणून म्हातारी माणसं दुकानाबाहेर अंगठा द्यायला रांगेत उभी. सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आधारच्या निकालात सांगितलं की त्या सक्तीला कायद्याचा आधारच नव्हता. तोवर कोट्यवधी लोकांचे अंगठे घेऊन झाले होते. मग कोविडचं आरोग्य सेतू. एप्रिल २०२० मध्ये आलं, १ मे च्या आदेशात नोकरदारांना सक्तीचं झालं, आणि १७ मे ला शब्द बदलून शक्य तितका प्रयत्न करा असं झालं. तिन्ही वेळा पद्धत तीच: आधी खात्याचा एक कागद काढायचा, संसदेत चर्चा नाही, लोकांना विचारणं नाही, ओरड झाली तर माघार, नाही झाली तर चालू.

आता मूळ प्रश्न. सरकारच्या नजरेपासून खासगी राहण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिलाय का? हो, दिलाय. आणि ही कुणाची मतं नाहीत, २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलेलं आहे की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग. इथपर्यंत पोचायला मात्र साठेक वर्षं गेली, आणि त्यातली एक केस मला कधीच विसरता येत नाही.

उत्तर प्रदेशात खरक सिंग म्हणून एक माणूस होता. दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्री शीट उघडली. घराभोवती गुपचूप पहारा, कुठे जातो त्याची नोंद, आणि रात्री-अपरात्री गावचा चौकीदार नाहीतर पोलीस येऊन दार ठोठावणार, ओरडणार, झोपेतून उठवणार. परगावी जायचं तर आधी कळवायचं. सिद्ध काहीच झालेलं नाही बरं का! तो सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९६२ च्या निकालात कोर्टाने रात्री घरात घुसणं तेवढं रद्द केलं आणि बाकीची पाळत चालू ठेवली, वर बहुमताने सांगितलं की खासगीपणाचा हक्क असा आपल्या संविधानात नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत लिहिलं, की घराबाहेर निघणाऱ्या माणसावर सतत नजर असेल तर तो नुसता हलायला मोकळा आहे, स्वतंत्र नाहीये, आणि खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच गाभा आहे. २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी सुब्बा रावांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे पंचावन्न वर्षं ते मत पुस्तकात पडून होतं. आजचा कॉल लॉग आणि लोकेशन हेच त्या चौकीदाराचं काम करतात, फक्त दार वाजत नाही त्यामुळे आपल्याला कळतही नाही.

२०१७ चा निकाल का लागला तेही सांगायला पाहिजे. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. २०१५ मध्ये सरकारच्या बाजूने कोर्टात चक्क असं सांगितलं गेलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही हेच नक्की नाही, १९५४ च्या आठ न्यायाधीशांच्या आणि खरक सिंगच्या निकालात नाही म्हटलंय. म्हणून मग नऊ जणांचं पीठ बसवावं लागलं. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. मुख्य निकाल धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला, आणि त्यातच आणीबाणीतला जबलपूर केसचा निकाल चूक ठरवला, ज्या १९७६ च्या निकालात सरकारच्या बाजूने मत देणाऱ्यांमध्ये त्यांचे स्वतःचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. आणीबाणीत जगण्याचा हक्कसुद्धा कोर्टात मागता येत नाही असं तो निकाल म्हणत होता. मुलाने तो खोडला. मला या निकालाबद्दल जो आदर वाटतो त्यात याचा मोठा वाटा आहे.

पण हक्क आहे म्हणजे सरकारने कधीच कुणावर लक्ष ठेवायचं नाही असंही कोर्ट म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. दहशतवादी असतात, मुलं पळवणारे असतात, त्यांचे फोन ऐकायलाच पाहिजेत. कोर्टाने अटी घातल्यात. एक, त्यासाठी कायदा पाहिजे. दोन, हेतू योग्य आणि गरजेचा पाहिजे. तीन, हेतूच्या मानाने घुसखोरी जास्त नको, म्हणजे कमी त्रासाचा मार्ग असेल तर तोच घ्यायचा. आणि गैरवापर होऊ नये म्हणून पद्धतशीर बंदोबस्त पाहिजे, हे न्यायमूर्ती कौल यांनी वेगळं सांगितलं.

आता या अटी संचार साथीच्या सक्तीला लावून बघा. हेतू योग्य आहे, चोरीचे फोन आणि सायबर फसवणूक, त्यावर माझा वाद नाही. कायद्याचं म्हणाल तर २०२४ च्या टेलिकॉम सायबर सुरक्षा नियमांचा आधार दाखवला होता, पण प्रत्येक नागरिकाच्या फोनमध्ये सरकारी अ‍ॅप असलंच पाहिजे असं संसदेने कधी ठरवलेलं नाही, एवढी मोठी गोष्ट नियमाखालच्या आदेशाने करायची का? आणि तिसऱ्या अटीवर तर ते साफ नापास होतं, कारण वर सांगितलं तसं, तीच कामं वेबसाइटवर कुठलीही परवानगी न देता होतात. मी दोन्हीकडून करून बघितलीत. सोपा, बिनघुसखोरीचा मार्ग सरकारनेच बनवून ठेवलेला असताना प्रत्येक फोनमध्ये कॉल लॉग मागणारं अ‍ॅप घालायची गरज कशी सिद्ध करणार?

काही लोक म्हणतात अ‍ॅप-बिप सोडा, सरकारला ऐकायचंच असेल तर ते थेट फोन टॅप करतं. बरोबर आहे, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे. १८८५ च्या तार कायद्यात कलम ५(२) होतं, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच संदेश अडवता येतील. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरात-ऑफिसात फोनवर बोलणं हा खासगीपणाचाच भाग आहे, आणि टॅपिंगचा आदेश फक्त गृहसचिव देतील, त्याला मुदत असेल, आढावा समिती तपासेल, नको असलेली रेकॉर्डिंग नष्ट होतील. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम आलेत, पण सांगाडा तोच आहे: आदेश ६० दिवस, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस, सही गृहसचिवांची, घाईची वेळ असेल तर तपास यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी सुरू करू शकतात आणि सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी घ्यायची, आणि तपासणारी समितीही सचिवांचीच. या सगळ्यात कुठेही न्यायाधीश नाही. तुमच्या घराची झडती घ्यायची तर साधारणपणे कोर्टाचं वॉरंट लागतं पण तुमचं बोलणं महिनोन्‌महिने ऐकायचं तर एका सचिवाने दुसऱ्या खात्याच्या अर्जावर सही केली की झालं, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरसुद्धा कधी कळवत नाहीत. कळतच नाही तर माणूस कोर्टात जाणार कसा?

ही आढावा समिती किती तपासत असेल त्याचा अंदाज डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात आहे. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे एकटं केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश काढत होतं. आढावा समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश! श्रीकृष्ण समितीने स्वतः लिहिलंय की हे काम होण्यासारखं नाही. कागद वाचून होणंच शक्य नाही तर नाही कधी म्हणणार ते?

म्हणून मुंबई हायकोर्टाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय. विनीत कुमार या व्यावसायिकावर एका बँक अधिकाऱ्याला १० लाखांची लाच दिल्याचा आरोप होता, आणि २००९-१० मध्ये गृह खात्याने त्याचा फोन टॅप करायचे तीन आदेश काढले होते. न्यायमूर्ती रणजित मोरे आणि एन. जे. जमादार यांनी विचारलं की यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, सुरक्षिततेला धोका कुठे आहे? नव्हता. तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. आरोप लाचेचा होता, म्हणजे कुणाला त्या माणसाची दया येण्यासारखंही काही नव्हतं, तरी कोर्टाने नियम मोडू दिला नाही. हक्क फक्त आपल्याला आवडणाऱ्या माणसांना द्यायचा असं कोर्टाने केलं नाही याचं मला फार कौतुक आहे. मद्रास हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये २०११ चा एक टॅपिंग आदेश असाच रद्द केला. दिल्ली हायकोर्टाने मात्र त्याच सुमाराला एका भ्रष्टाचाराच्या केसमध्ये उलटं सांगितलं, की मोठ्या आर्थिक गुन्ह्याने सार्वजनिक सुरक्षिततेला धोका होऊ शकतो. म्हणजे मुंबईत आणि चेन्नईत एक, दिल्लीत दुसरं. हा गुंता सुटायला पाहिजे.

पेगाससवर, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवर, मी फार लिहीत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय सुरक्षा एवढं म्हटलं की सरकारला मोकळं रान मिळत नाही असं ठणकावलं, चौकशी समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी सांगितलं की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये कसलं तरी मालवेअर सापडलं पण ते पेगाससच आहे असं ठरवता आलं नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. ज्यांच्या फोनबद्दल प्रश्न होता त्यांना उत्तर मिळालं नाही. मला राग येतो तो याचा, की ठणकावणं जोरात होतं आणि हातात काही पडत नाही.

आणि ज्यांना वाटतं की आता डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, त्यांनी २०२३ च्या त्या कायद्याचं कलम १७ वाचा. सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी केंद्र सरकार आपल्याच कुठल्याही यंत्रणेला अख्ख्या कायद्यातून सूट देऊ शकतं. किराणा दुकानाच्या अ‍ॅपने माझा नंबर विकला तर दंड, आणि सरकारी यंत्रणेला सूट मिळाली की तिच्या बाबतीत विचारायची सोयच नाही.

परत अ‍ॅपवर येते. माझी शिफारस अशी. घरातल्या प्रत्येकाच्या नावावरची सिम तपासा, आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची आधी, कारण त्यांची आधारची झेरॉक्स सगळ्यात जास्त हातांतून फिरलेली असते. ते वेबसाइटवरूनच करा. फोन हरवला तर ब्लॉकही वेबसाइटवरूनच करा, अ‍ॅप टाकायची काही गरज नाही. टाकायचंच असेल, म्हणजे चक्षूवर वारंवार तक्रारी करणार असाल तर, टाका, पण सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या एकेक करून बघा आणि काम झालं की काढून घ्या. मी एका दुकानात नवा फोन घेतला तेव्हा दुकानदाराने माझ्या हातातून फोन घेऊन सगळ्या अ‍ॅप्सना पटापट "अलाऊ" दाबत नेलं, मी थांबवलं तर म्हणाला, "ताई, नाहीतर चालत नाही." फोन चालू करताना स्वतः बसा, दुसऱ्याला दाबू देऊ नका.

सेवेच्या उपयोगाला मी पाचातले चार तारे देते, सिम तपासणीसाठी आणि फोन ब्लॉक करण्यासाठी. ज्या पद्धतीने ते आपल्यावर लादायला निघाले होते त्याला एक. पाचवा तारा द्यायला मला काय लागेल तेही सांगते: अ‍ॅप कधीच सक्तीचं होणार नाही हे नियमात लेखी, कॉल लॉग न मागता तक्रार करायची सोय अ‍ॅपमध्येसुद्धा, आणि अ‍ॅपचा कोड बाहेरच्या तज्ज्ञांना तपासायला खुला. टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची सही आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर कळवणं, हे या अ‍ॅपच्या हातातलं नाही, ते आपल्या खासदारांच्या हातातलं आहे. मी आमच्या खासदारांना याबद्दल पत्र लिहिलंय, मराठीतच, दोन पानांचं. ज्यांना त्याचा मजकूर पाहिजे असेल त्यांनी सांगा, पाठवते.